एका पदवीचे नामांतर



गेल्या वैशाखात माझ्या नातीचा बारावीचा निकाल लागला आणि आमच्या घरात महाविद्यालयांच्या माहितीपुस्तकांचा ढीग पडू लागला. मुलीचा हात चित्राला वळणारा आहे. त्या विद्येवर पुढे पोट भरता यावे अशी तिची, आणि तिच्याहून अधिक तिच्या आईची, इच्छा. एके दिवशी तीन पुस्तके माझ्यापुढे ठेवून तिने विचारले, "आजोबा, ह्यांतली कोणती पदवी खरी?"

एका पुस्तकावर ललित कला स्नातक, विषय उपयोजित कला, असे छापले होते. दुसऱ्यावर डिझाइन स्नातक असे होते. तिसरे पुस्तक मोठे चमत्कारिक निघाले. ते ज्या महाविद्यालयाचे होते, त्याने आदल्या वर्षापर्यंत पहिले नाव लावले होते आणि ह्या वर्षापासून दुसरे लावले होते. चष्मा पुसून मी पाने चाळली. शिक्षकांची यादी तीच, इमारतीचे छायाचित्र तेच, मागील अंगणातले आंब्याचे झाडही तेच. शुल्क मात्र वाढलेले. ह्या तिसऱ्या पुस्तकानेच मला आजचा विषय दिला.

प्रथम माझा अधिकार सांगतो, म्हणजे माझ्या बोलण्यास किती वजन द्यावयाचे हे आपणांस ठरविता येईल. मी एका तालुक्याच्या गावी चौतीस वर्षे चित्रकलेचा शिक्षक होतो. शिक्षण म्हणाल तर जुन्या अकरावीची मॅट्रिक आणि त्यावर कलाशिक्षकाची पदविका. विद्यापीठाची पायरी मी विद्यार्थी म्हणून कधी चढलो नाही. मॅट्रिक हा शब्दही मी सवयीनेच वापरतो. माझ्या जन्मापूर्वीच ती परीक्षा जाऊन तिच्या जागी एस. एस. सी. आली होती व माझ्या प्रमाणपत्रावर तेच नाव आहे. तरी माझे वडील अखेरपर्यंत "मुलगा मॅट्रिक आहे" असेच सांगत. दरबारी नाव बदलले तरी लोकांच्या जिभेवर ते बदलतेच असे नाही, ह्याचा मी स्वतःच एक दाखला आहे.

डिझाइन हा शब्द काल-परवा, संगणकाचे बोट धरून आपल्याकडे आला, असा पुष्कळांचा समज आहे. तो खरा नाही. १८३७ साली लंडनमध्ये सॉमरसेट हाउस ह्या वाड्यात सरकारने एक शाळा काढली, तिचे नावच मुळी 'गव्हर्नमेंट स्कूल ऑफ डिझाइन' असे होते. हेतू उघड व्यापारी होता. इंग्लंडच्या कारखान्यांतला माल टिकाऊपणात कमी नव्हता, पण देखणेपणात फ्रान्सच्या मालापुढे फिका पडे. तेव्हा कारखान्यांसाठी नक्षी व नमुने करणारी माणसे तयार करावी, म्हणून ही शाळा. पुढे १८५३ साली तिचे नाव बदलून 'नॅशनल आर्ट ट्रेनिंग स्कूल' झाले आणि १८९६ साली 'रॉयल कॉलेज ऑफ आर्ट'. म्हणजे साठ वर्षांच्या आत 'डिझाइन' हा शब्द पाटीवरून उतरला आणि तेथे 'आर्ट' हा शब्द चढला. नावाबरोबर कामही सरकले. कारखान्यांकडे जाणाऱ्यांपेक्षा शाळांत चित्रकला शिकविण्यास जाणारे लोक तेथून अधिक बाहेर पडू लागले. मी ज्या धंद्यात आयुष्य काढले, त्याचे मूळ तेथे आहे. त्यामुळे त्या नामांतराबद्दल तक्रार करण्याचा मला अधिकार नाही.

आपल्या मुंबईत बरोबर ह्याच्या उलट प्रवास झाला.

सर जमशेटजी जीजीभाई ह्यांनी एक लाख रुपये देऊ केले, ते कला व कारखानदारी ह्यांच्या सुधारणेसाठी. १८५७ साली त्यांच्या नावाची शाळा सुरू झाली आणि पाटीवर 'स्कूल ऑफ आर्ट' हे नाव आले. पण आत काय चालत असे ते पाहा. १८६५ साली जॉन लॉकवुड किपलिंग तेथे शिक्षक म्हणून आले. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावर जी कोरीव शिल्पे आहेत ती त्यांची. पूर्वीचे व्हिक्टोरिया टर्मिनस, आताचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, उभे राहत असता त्याच्या दगडी नक्षीला ह्या शाळेच्या विद्यार्थ्यांचे हात लागले. शाळेत सुशोभनाची चित्रकला, मूर्तिकाम आणि लोखंडाचे नक्षीकाम असे तीन वर्ग १८६६ साली निघाले होते. १८९१ साली लॉर्ड रे ह्यांच्या नावाने कार्यशाळाही निघाल्या. तेव्हा नाव कलेचे होते आणि हाताखालचे काम, आज ज्यास आपण डिझाइन म्हणू, त्याचे होते. स्टेशनात गाडीसाठी ताटकळताना कधी मान वर करून पाहावे. त्या दगडातल्या पानाफुलांखाली कोणाची सही नाही.

१९३५ साली त्या शाळेत 'कमर्शियल आर्ट' म्हणजे व्यापारी कलेचा विभाग निघाला. मुंबईत जाहिरातींचा धंदा वाढत होता. भिंतीवरची दिनदर्शिका, बोलपटांची भित्तिपत्रके, कापडाच्या ताग्यांवर चिकटवावयाची रंगीत लेबले ह्यांसाठी माणसे हवी होती. विभाग चालला, मुले मिळवू लागली. परंतु नावातला तो 'व्यापारी' शब्द मध्यमवर्गीय बापांच्या घशाखाली उतरेना. मुलगा चित्रकार झाला तर निदान उपाशी राहूनही मोठा म्हणवेल, आणि व्यापारी चित्रकार झाला तर पाट्या रंगवील, अशी समजूत. १९६१ साली हा विभाग स्वतंत्र संस्था झाला आणि त्यास 'अप्लाइड आर्ट', उपयोजित कला, असे नाव मिळाले. शब्द सोवळा होता. अक्षरे काढणे, जाहिरातीची मांडणी करणे, वेष्टने करणे ही कामे बव्हंशी पूर्वीचीच राहिली. मग १९८१ साली ह्या शिक्षणाची विद्यापीठाशी सांगड घातली गेली आणि पदविकेच्या जोडीस ललित कला स्नातक ही पदवी आली. अखेर २०२३ च्या ऑक्टोबरात कला, उपयोजित कला आणि वास्तुकला अशा तिन्ही जमशेटजी संस्था एकत्र येऊन अभिमत विद्यापीठ झाल्या. नव्या नावात 'आर्ट' आणि 'आर्किटेक्चर' ह्यांच्या पंक्तीस 'डिझाइन' हा शब्द येऊन बसला. लंडनने टाकलेला शब्द एकशे सत्तर वर्षांनी मुंबईच्या पाटीवर चढला, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा एक प्रवाह ह्याच काळात वेगळ्या उगमापासून निघाला होता. १९५८ साली चार्ल्स आणि रे ईम्स ह्या अमेरिकन दांपत्याने भारत सरकारास एक अहवाल दिला. त्यात त्यांनी आपल्या घराघरांतल्या लोट्याचे जे वर्णन केले आहे, ते प्रत्येक चित्रकला-शिक्षकाने वर्गात सांगावे असे आहे. लोटा डोक्यावर कसा बसतो, कमरेवर कसा टेकतो, भरताना, ओतताना, घासताना हातास कसा येतो, तो कशाचा व किती किमतीचा, असे प्रश्न त्यांनी केले आणि एका भांड्यावरून डिझाइन म्हणजे काय ते समजाविले. १९६१ साली अहमदाबादेस राष्ट्रीय संस्था निघाली, तिच्या पहिल्या नावात 'इंडस्ट्रियल' म्हणजे औद्योगिक हा शब्द होता. तो मागाहून गळला, कारण विणकर, कुंभार व छापखानेवाले ह्यांचीही कामे तेथे शिकविली जाऊ लागली आणि ती 'औद्योगिक' ह्या कुंपणात मावेनात. नाव बदलण्याचे इतके प्रामाणिक कारण मला क्वचितच आढळले आहे. १९६९ साली पवईच्या आय. आय. टी.त इंडस्ट्रियल डिझाइन सेंटर निघाले. त्याची धुरा वाहणारे प्राध्यापक सुधाकर नाडकर्णी हे जमशेटजींच्याच शाळेत शिकून पुढे जर्मनीतील उल्म येथे गेलेले. अहमदाबादची संस्था पुष्कळ वर्षे पदविकाच देत होती. २०१४ च्या संसदेच्या कायद्याने तिला पदवी देण्याचा अधिकार आला, आणि पवईस बारावीनंतरची डिझाइन स्नातक ही पदवी २०१५ पासून सुरू झाली.

ह्या दोन प्रवाहांचा संगम एका माणसात पाहावयाचा असेल तर रघुनाथ कृष्ण जोशी, म्हणजे र. कृ. जोशी, ह्यांचे उदाहरण घ्यावे. ते जमशेटजींच्या संस्थेत व्यापारी कला शिकले, जाहिरातीच्या धंद्यात राहिले, पवईस डिझाइनचे अध्यापक झाले. आणि संगणकावर मराठी वाचणाऱ्या लक्षावधी माणसांच्या डोळ्यांखालून जो 'मंगल' नावाचा टंक गेला, तो त्यांनी रेखला. २००८ साली ते वारले. त्यांस व्यापारी चित्रकार म्हणावे, उपयोजित कलावंत म्हणावे, की डिझायनर? ज्या हाताने बोरू धरला त्याच हाताने टंक केला. नावे भोवतालच्या जगाने दोनदा बदलली.

ह्यावरून, नावात काय आहे, असे कोणी म्हणेल, तर ते मला मान्य नाही. नावात पुष्कळ आहे. कला म्हटले की आरंभ करणाऱ्याच्या मनात होतो. उपयोजित कला म्हटले की कोणी गिऱ्हाईक काम घेऊन दारात उभा असतो. डिझाइन म्हटले की गिऱ्हाइकाच्याही मागे उभा असलेला, वस्तू प्रत्यक्ष वापरणारा माणूस आधी पाहावा लागतो: औषधाच्या बाटलीवरची अक्षरे जिला वाचावयाची आहेत ती मोतीबिंदूची म्हातारी, बसचा दांडा ज्याला धरावयाचा आहे तो बुटका प्रवासी. म्हणून पदवीचे नाव बदलून डिझाइन केले, तर त्या म्हातारीकडे जाऊन बसण्याचे तास वेळापत्रकात आले पाहिजेत. लाकूड, धातू, कागद, कापड ह्यांच्याशी झटापट करण्याची कार्यशाळा आली पाहिजे. परीक्षाही बदलली पाहिजे, कारण चार भिंतींत चार तासांत काढलेल्या कागदावरून म्हातारीस ती बाटली वाचता आली की नाही हे परीक्षकास कळणार कसे?

नातीच्या त्या तिसऱ्या पुस्तकाकडे परत येतो. मागील वर्षाची आणि ह्या वर्षाची विषयपत्रिका मिळवून मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या. 'अक्षरलेखन' ह्याचे 'टायपोग्राफी' झाले होते. 'जाहिरातकला' ह्याचे 'दृक्संवाद' झाले होते. 'वेष्टन' ह्याचे इंग्रजी नाव 'पॅकेजिंग', एवढाच फरक. कार्यशाळेचा एकही तास वाढलेला नव्हता. एका ठिकाणी मात्र खरोखरचा बदल होता. पहिल्या वर्षी मुक्तहस्त चित्राचे आठवड्यास सहा तास होते, ते दोन झाले होते आणि उरलेले चार संगणकास दिले होते. म्हणजे नव्या नावाने जे आणावयाचे ते आणलेच नाही, आणि जुन्या नावापाशी जे होते तेही गेले.

संगणकाशी माझे वैर नाही. माझ्या मुलाचा संसार त्यावर चालतो. पण पेन्सिलीचा तास हा सुंदर चित्र काढण्याचा तास असतो हा गैरसमज काढून टाकला पाहिजे. तो पाहण्याचा तास असतो. वर्गात मी पितळेचा गडू मांडीत असे. पहिल्या दिवशी मुले आपल्या मनातला गडू काढीत, समोरचा नव्हे. त्याची कड वाकडी आहे, त्याला एका बाजूस पोचा आहे, हे त्यांस दिसतच नसे. श्रावणात मांडलेला गडू गणपतीच्या सुमारास दिसू लागे. ज्याला गडवाचा पोचा दिसत नाही त्याला म्हातारीची अडचण दिसेल, ह्यावर माझा विश्वास बसत नाही. १९१९ साली जर्मनीत निघालेल्या बाउहाउस शाळेनेही सर्व विद्यार्थ्यांस प्रथम एकत्र बसवून हात, डोळा आणि साहित्य ह्यांचा पायाभूत अभ्यास करविला, तो काही हौस म्हणून नव्हे.

येथे एक गोष्ट मला अभिमानाने सांगू द्या. आपल्या एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षांत 'डिझाइन'ची एक स्वतंत्र प्रश्नपत्रिका असते आणि तिचे मराठी नाव आहे संकल्पचित्र. खेड्यातला बारा वर्षांचा मुलगाही हा शब्द जाणतो. नाशिकास धरणांचे आराखडे करणारे जे सरकारी कार्यालय आहे त्याचे नावही मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना असेच आहे. एवढा रुळलेला शब्द घरात असता शासकीय कोशात 'अभिकल्प' कशासाठी घडवावा लागला, हे मला उमगलेले नाही. संकल्पचित्रात 'चित्र' आहे म्हणून तो अपुरा, असा आक्षेप ऐकला आहे. बरे, मग नुसते 'संकल्पन' म्हणा. जीभ अडखळत नाही आणि अर्थ हरवत नाही. असो, शब्दांचा भांडाभांडीचा हा माझा जुना छंद आहे.

आता ज्यासाठी मी हे सारे सांगतो आहे ती हकीकत. माझ्या गावी दुकानांच्या पाट्या रंगविणारा एक माणूस होता. त्याचा मुलगा माझ्या हाताखाली शिकला, इंटरमीजिएटला 'अ' श्रेणीत आला, आणि मॅट्रिकनंतर थेट उपयोजित कलेच्या पदविकेस गेला. वडिलांच्या डब्यातला रंग त्याने अंगाखाली घेतला असे मी म्हणे. तो एका मोठ्या शहरात नोकरीस लागला. रुग्णालयांत कोठे कोणता विभाग आहे हे अशिक्षितासही समजावे अशा पाट्या करण्यात त्याचा हातखंडा. वयाच्या चाळिशीत त्याने एका सार्वजनिक कार्यालयातल्या जागेसाठी अर्ज केला. काम तेच, पाट्यांचे. जाहिरातीत अट होती 'डिझाइन विषयातील पदवी वा पदविका'. खिडकीवरच्या कारकुनाने कागद परत केला : "तुमच्या पदविकेवर डिझाइन हा शब्द नाही. समकक्षतेचे प्रमाणपत्र आणा." बिचारा पाच महिने ह्या टेबलावरून त्या टेबलावर हिंडला. प्रमाणपत्र हाती आले तेव्हा जागा भरली होती. मला भेटावयास आला तेव्हा म्हणाला, "सर, माझ्या आयुष्यात मी एवढ्या पाट्या केल्या, आणि शेवटी मला माझ्याच पाटीने अडवले."

कारकुनाचा दोष मी मानीत नाही. त्याच्यापुढे छापील शब्द होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या १९५६ च्या कायद्याचे बाविसावे कलम सांगते की, आयोगाने राजपत्रात निर्दिष्ट केलेल्या नावाचीच पदवी विद्यापीठास देता येते. ह्यात शहाणपण आहे, नाहीतर प्रत्येक गावात नवी पदवी निघाली असती. पण शब्दास कायदा इतके महत्त्व देतो, तर शब्द बदलणाऱ्या विद्यापीठानेही तितकीच जबाबदारी घ्यावयास हवी. ज्या दिवशी नवे नाव लागते त्याच दिवशी, जुन्या नावाची पदवी किंवा पदविका घेतलेल्या प्रत्येकास नव्या नावाशी समकक्षता देणारा एक साधा ठराव छापून प्रसिद्ध व्हावा, आणि जे विद्यार्थी मधल्या वर्षात आहेत त्यांना कोणत्या नावाखाली बाहेर पडावयाचे ते निवडू द्यावे. शेवटचा जुना विद्यार्थी उत्तीर्ण होईपर्यंत जुनी परीक्षा चालू राहावी. ह्याला इमारत लागत नाही, अनुदान लागत नाही. एक कागद लागतो.

आणखी एक सल माझ्या मनात आहे. पाटीवाल्याचा हा मुलगा आज सोळा वर्षांचा असता, तर डिझाइनच्या पदवीपर्यंत पोहोचला असता काय? पदवीसाठी प्रथम बारावी हवी; मग प्रवेशपरीक्षा. आय. आय. टी.च्या डिझाइन पदवीसाठी होणाऱ्या परीक्षेची प्रश्नपत्रिका इंग्रजीत असते. शहरांत तिच्या तयारीचे वर्ग निघाले आहेत आणि त्यांचे शुल्क पाटीवाल्याच्या मिळकतीत बसणारे नाही. पूर्वीच्या पदविकेचा दरवाजा ठेंगणा होता खरा, पण मॅट्रिक झालेले मूल त्यातून आत जाई. पदविका अद्याप आहेत. त्यांतून पदवीच्या दुसऱ्या वा तिसऱ्या वर्षात सरळ प्रवेश, अभियांत्रिकीच्या पदविकाधारकांस दुसऱ्या वर्षी मिळतो तसा, ह्या मुलांनाही सर्वत्र मिळाला पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीतून मध्येच बाहेर पडण्याच्या व पुन्हा आत येण्याच्या वाटा कल्पिल्या आहेत. बाहेर पडण्याच्या वाटा गरिबांना कोणी दाखवाव्या लागत नाहीत, त्या त्यांस माहीत असतात. आत येण्याच्या वाटेवर दिवा हवा.

नव्या नावाविरुद्ध मी नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. उपयोजित कला ह्या नावाचे दिवस भरत आले आहेत, असेच मला वाटते. लोट्याचा विचार त्या नावात मावत नाही. जमशेटजींची संस्था आता स्वतःचे अभ्यासक्रम स्वतः आखू शकते. व्हिक्टोरिया टर्मिनसच्या दगडात ज्यांचे हात लागले त्यांचे वारस काय आखतात, ह्याकडे माझ्यासारख्या शेकडो चित्रकला-शिक्षकांचे डोळे आहेत.

नातीला मी काय उत्तर दिले, हे आपण विचाराल. मी तिला म्हटले, "बाळ, तिन्ही पदव्या खऱ्याच आहेत, तू वेळापत्रक माग." आम्ही दोघांनी बसून तिन्ही महाविद्यालयांस पत्रे लिहिली. पहिल्या वर्षी मुक्तहस्त चित्राचे तास किती, कार्यशाळा आठवड्यातून किती वेळा उघडते, आणि पुढे पदवीचे नाव पुन्हा बदलल्यास आमच्या मुलीच्या कागदाचे काय होईल, एवढे तीनच प्रश्न त्यांत होते. दोघांची उत्तरे आठवड्यात आली. एकाने तर कार्यशाळेच्या किल्ल्या कोणाकडे असतात तेही कळविले. तेथे ती गेल्या महिन्यात दाखल झाली. तिसऱ्या महाविद्यालयाकडून उत्तरादाखल त्याच माहितीपुस्तकाची आणखी एक प्रत आली आहे.